सोळा महिन्यांनी आलेला मेसेज

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

'मी ५१ व्या वर्षी नोकरी सोडली, त्याला सोळा महिने झाले. सव्वीस वर्षं डेटाबेसचं काम केलं. साठवलेली रक्कम आमच्या वर्षभराच्या खर्चाच्या साधारण सत्तावीस पट आहे. नवऱ्याची नोकरी अजून चार वर्षं आहे आणि त्याच्या पगारातून निम्मा घरखर्च निघतो. गेल्या आठवड्यात जुन्या सहकाऱ्याचा मेसेज आला. मी बांधलेली बिलिंगची जुनी सिस्टीम आता नव्यात हलवायची आहे आणि ती आतून ठाऊक असलेलं तिथे कुणी उरलेलं नाही. सहा महिने फ्रीलान्स काम, आठवड्याला वीस तास, घरूनच. रात्री काही बंद पडलं तर फोनवर हजर राहायचं. पैसे चांगले आहेत. मी तो मेसेज चार वेळा वाचला. नोकरी सोडल्यावर माझी झोप परत आली, डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी निम्मी केली. तरी दुपारी घर खायला उठतं. सध्या एका वाचनालयाची पुस्तकांची यादी संगणकावर चढवून देते आहे, विनामूल्य. नवरा म्हणतो, "फुकट काम करतेस, मग पैसे घेऊन का नाही?" मला उत्तर सुचलं नाही. आता नाही म्हटलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही, याची भीती वाटते. काय करू?'

तुम्ही तो मेसेज चार वेळा वाचलात, या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. पैशांचा हिशेब करायला कुणी मेसेज चार वेळा वाचत नाही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडलं आहे, हे पाहायला आपण परत परत तिथे जातो. मला हे चांगलं ठाऊक आहे. मी ५३ व्या वर्षी नोकरी सोडली तेव्हा मलाही चौथ्याच महिन्यात असा फोन आला होता आणि फोन ठेवेपर्यंत मी होकार देऊन बसले होते. त्याचं पुढे काय झालं ते सांगते. पण आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाट बघायला नको: हे काम ज्या स्वरूपात पुढ्यात आलंय, त्या स्वरूपात घेऊ नका. सरसकट नकारही देऊ नका. त्यातला एक तुकडा तुमच्या जोगा आहे, तेवढाच मागून घ्या.

पैशांचं पहिल्यांदा बघू, कारण तुमच्या बाबतीत तो विषय लवकर संपतो. सत्तावीस पट साठा म्हणजे वर्षाचा खर्च साठ्याच्या ३.७ टक्के. १९९४ मध्ये विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने तिथल्या शेअर्सचा आणि सरकारी रोख्यांचा जुना इतिहास तपासला. पहिल्या वर्षी साठ्यातले सुमारे चार टक्के काढायचे आणि पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची, असं केलं असतं तर वाईटात वाईट काळातही पैसे तीस वर्षं पुरले असते, असं त्याला दिसलं. लवकर निवृत्त होणारे लोक हा चार टक्क्यांचा आकडा उराशी धरतात आणि तो तीस वर्षांसाठी, एका देशाच्या इतिहासावरून काढलेला आहे, हे विसरतात. तुम्हाला चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढायची आहेत. तेव्हा नुसत्या ३.७ टक्क्यांवर मी तुम्हाला 'निश्चिंत राहा' म्हटलं नसतं. पण निम्मा खर्च नवऱ्याच्या पगारातून निघतोय, म्हणजे पुढची चार वर्षं साठ्यातून दोन टक्क्यांहूनही कमी जाणार.

आणि नेमकी हीच सुरुवातीची वर्षं नाजूक असतात. बाजार ३० टक्के पडला तर शंभराचे सत्तर होतात, आणि सत्तराचे पुन्हा शंभर व्हायला जवळजवळ ४३ टक्के वाढ लागते. त्या पडत्या काळात घरखर्चासाठी विकावं लागलं, तर जे विकलं ते बाजार सावरताना आपल्या हातात नसतं. निवृत्तीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी आलेली अशी घसरण सगळं गणित फिरवते. तीच वीस वर्षांनी आली तर तितकी बोचत नाही, कारण पुढची वर्षं कमी उरलेली असतात. म्हणून सुरुवातीला थोडीशी कमाईही फार मोलाची ठरते. साठ्याला हात न लावता वाईट वर्ष काढता येतं. तुमच्या घरात ही जबाबदारी सध्या नवऱ्याचा पगार उचलतो आहे. घरात दुसरा पगार नसता आणि साठा वीस पटच असता, तर मी तुम्हाला उलट सांगितलं असतं, की कुरकुर न करता काम घ्या. तुमच्यासाठी आज पैसा हे कारण नाही. चार वर्षांनी त्याचा पगार थांबेल तेव्हा हिशेब नव्याने मांडा. आणि तुमचा आरोग्य विमा त्याच्या नोकरीतून येत असेल तर तेव्हा तो कुठून येणार, हे मात्र आत्ताच विचारून ठेवा.

मग राहतं ते दुपारचं घर.

नोकरी आपल्याला अनेक गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून देते. पगार, दिवसाची घडी, बोलायला माणसं, डोक्याला खाद्य, आणि 'हे अमुक तमुक करतात' अशी ओळख. नोकरी सोडली की गाठोडं सुटतं आणि सगळंच एकदम हातून जातं. मग फोन येतो, तेव्हा गाठोडं परत मिळणार म्हणून जीव हरखतो. पण तुम्हाला त्यातलं सगळं परत हवंय का? पत्रावरून मला तसं दिसत नाही. पगाराची गरज नाही. दिवसाची घडी तुम्ही वाचनालयाच्या कामाने थोडीफार बसवली आहे. लवकर निवृत्त झालेल्यांचं एक दुःख कुणी फारसं बोलून दाखवत नाही: बुधवारी सकाळी अकरा वाजता आपल्या वयाचं, आपल्या ओळखीचं कुणीही मोकळं नसतं. साठीनंतर निवृत्त होणाऱ्यांना निदान बरोबरीचे सोबती मिळतात. बावन्नाव्या वर्षी मैत्रिणी मीटिंगमध्ये असतात आणि नवरा संध्याकाळी थकून येतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅचली यांनी १९७० च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले, त्यात सुरुवातीच्या सुखाच्या दिवसांनंतर भ्रमनिरासाचा काळ आणि मग नव्याने घडी बसवण्याचा काळ येतो. प्रत्येकाच्या वाट्याला हे याच क्रमाने येईल असं नाही. पण सोळाव्या महिन्यात घर खायला उठलं, याचा अर्थ नोकरी सोडण्यात तुमची चूक झाली असा काढू नका.

म्हणून दोन प्रश्न स्वतःला विचारा, आणि उत्तरं कागदावर लिहा, मनातल्या मनात नको. पहिला: या कामाचा एक पैसाही मिळणार नसता, तरी त्यातला कुठला भाग तुम्ही आवडीने केला असता? दुसरा: पैसे पूर्ण मिळाले, पण हे काम तुम्ही केलंत हे कुणालाही, अगदी त्या सहकाऱ्यालाही, कधीच कळणार नसतं, तरी केलं असतं का? पहिल्याच्या उत्तरातून कामाची खरी ओढ किती ते कळतं. दुसरा प्रश्न जास्त टोचतो. त्याचं उत्तर 'नाही' आलं तर तुम्हाला काम हवंच आहे असं नाही, कुणीतरी आपल्याला मानावं हे हवंय. त्यात कमीपणा काही नाही. फक्त, त्यासाठी आठवड्याचे वीस तास आणि रात्रीची झोप मोजणं फार महाग पडतं.

आता माझी गोष्ट. माझं क्षेत्र हिशेब तपासणीचं. फोन जुन्या ओळखीतूनच आला होता. 'आठवड्यातून फक्त दोन दिवस' असं ठरलं, तेही बोलण्यावर. पहिला महिना फार छान गेला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सकाळी आवरून टेबलाशी बसताना अंगात बळ आल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या महिन्यात 'एवढं एक बघून द्याल का' सुरू झालं. दिली ओसरी, हातपाय पसरी. आणि ओसरी मीच देत होते, कारण नाही म्हटलं तर आपली किंमत कमी होईल असं वाटायचं. तिसऱ्या महिन्यात पाचही दिवस जात होते, पैसे दोन दिवसांचे येत होते. शेवटचं बिल सात महिने रखडलं. काम संपल्यावर माझे फोनही कुणी उचलेना. गरज सरो, वैद्य मरो, हे मी तेव्हा अनुभवलं. मला जास्त लागलं ते वेगळंच. त्या वर्षी मी बहिणीकडे महिनाभर राहायला जाणार होते, ते राहून गेलं. पुढच्या वर्षी ती आजारी पडली. आम्ही दोघी धडधाकट असताना एकत्र काढायचा तो महिना पुन्हा आला नाही.

अर्धवेळ कामाचा खरा धोका तासांच्या आकड्यात दिसत नाही. ब्रिटिश इतिहासकार सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहिलं होतं, की काम हाताशी असलेल्या वेळाएवढं पसरतं. त्यांनी दिलेलं पहिलंच उदाहरण रिकामा वेळ असलेल्या एका वृद्ध बाईंचं आहे, एक पोस्टकार्ड लिहून टाकायला जिचा अख्खा दिवस जातो. निवृत्त माणसाच्या हातात दिलेल्या वीस तासांचं तेच होतं. नोकरीत कामाला दुसरी कामं आवर घालतात, घरी आवर घालणारं कुणी नसतं. त्यात तुमच्याकडे रात्रीच्या फोनची अट आहे. फोन महिन्यातून एकदाच येईल कदाचित. पण झोपताना तो उशाशी ठेवावा लागेल तो रोजच. जी झोप सव्वीस वर्षांनी परत आली, जी गोळी निम्मी झाली, ती या एका अटीने पुन्हा पणाला लागते. बाकी सगळ्यावर तडजोड करा. ही अट कुठल्याही दराला मान्य करू नका.

'पुन्हा कुणी विचारणार नाही' ही भीती मी उडवून लावणार नाही. आपल्या क्षेत्रातली माहिती शिळी होते, ओळखीची माणसं बदलतात, दारं हळूहळू लोटली जातात हे खरं आहे. पण तुमच्यापुढचं हे दार नीट बघा. ज्या सिस्टीमसाठी तुम्हाला बोलावलंय, ती सिस्टीम बंद करण्यासाठीच बोलावलंय. सहा महिन्यांनी ती नसेल, आणि ती ठाऊक असणं ही तुमची खासियतही तिच्याबरोबर जाईल. तेव्हा हे काम घेतल्याने पुढची दारं उघडी राहतील, असं धरून चालू नका. पुढे कधी काम करावंसं वाटलं तर दार उघडं ठेवण्याचे स्वस्त मार्ग आहेत: नवी सिस्टीम कशावर बांधली आहे ते थोडं शिकून ठेवा, दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांशी अधूनमधून बोलत राहा.

नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला सुचलं नाही, ते मी सुचवते. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत रंगीत पेन समोर ठेवले, तेव्हा याच मुलांनी चित्रांना इतरांपेक्षा कमी वेळ दिला. ज्यांना प्रशस्तिपत्र न सांगता, अचानक मिळालं होतं, त्यांची आवड तशीच राहिली. आवडीच्या कामाला आधीच दर लागला, की ते काम दरासाठी केल्यासारखं वाटू लागतं. लहान मुलांवरचा प्रयोग आहे, त्यावरून तुमच्या घरचा निर्णय लावायचा नाही. पण नवऱ्याला एवढं सांगा: वाचनालयातून मी मंगळवारी न सांगता उठू शकते, आणि तिथे मी कुणाला घाबरत नाही. त्याच्या प्रश्नाला धार आहे असं मला वाटत नाही. स्वतः अजून चार वर्षं जुंपलेला माणूस आहे. त्याला काय वाटतं, तो दमलाय का, त्यालाही लवकर सुटायचंय का, हे एकदा शांतपणे विचारा. त्याला खरोखर दोन वर्षं आधी थांबायचं असेल, तर मात्र मी वर केलेला पैशांचा हिशेब बदलतो आणि तुमच्या कमाईला वेगळा अर्थ येतो. पत्रात त्याच्याबद्दल एवढं एकच वाक्य आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आता तो तुकडा. त्या लोकांना तुमचे सहा महिने नको आहेत, तुमच्या डोक्यात आहे ते हवंय. कुठल्या तक्त्यात काय आहे, कुठला अपवाद कुठल्या वर्षी आणि का घातला, महिनाअखेरीची कुठली प्रक्रिया आधी चालली नाही तर पुढचं सगळं कोसळतं. हे लिहून देणं आणि त्यांच्या दोन माणसांना बसवून शिकवणं, हे सहा आठवड्यांचं काम आहे. त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. डोक्याला खाद्य आहे. शिकवताना माणसं भेटतील, आणि सव्वीस वर्षांत बांधलेलं नीट सोपवून देता येईल. नोकरी सोडताना ते राहून गेलं असावं, असं तुमच्या पत्राच्या सुरातून वाटतं.

दर ठरवताना जुन्या पगाराला तासांनी भागू नका, ही चूक जवळपास सगळे करतात. वर्षाला कामाचे २६० दिवस. सुट्ट्या, आजारपण काढले की साधारण २३० उरतात. त्यातला एक तृतीयांश वेळ बोलणी, ईमेल, बिलं, हिशेब यांत बिनपैशाचा जातो, असं धरलं तर पैसे मिळणारे दिवस उरतात १५३. जुना वार्षिक पगार २६० ने नव्हे, १५० ने भागा, आणि त्यात मालक जो विमा, निवृत्तिवेतनाचा हिस्सा, भरपगारी रजा देत होता त्याची भर घाला. जो आकडा येईल तो बघून तुम्हाला संकोच वाटेल. तरी तोच सांगा.

आणि लेखी करार हवाच, ओळखीचं माणूस असलं तरी, किंबहुना ओळखीचं आहे म्हणूनच. त्यात काय द्यायचं आहे आणि काय द्यायचं नाही हे लिहा. एक तृतीयांश रक्कम आगाऊ, बाकीच्या दोन टप्प्यांच्या तारखा, वाढीव कामाचा वेगळा दर. बिलिंगच्या डेटामध्ये गडबड झाली तर तुमची जबाबदारी मिळालेल्या मोबदल्यापुरतीच राहील, हे वाक्य विसरू नका. लाखो ग्राहकांची बिलं चुकली तर ती भरपाई तुमच्या साठ्यातून जाता कामा नये. जुन्याच मालकाकडे परत काम केल्याने तुमच्या निवृत्तिवेतनावर किंवा करावर काही परिणाम होतो का, हे सही करण्यापूर्वी माहितगाराकडून तपासून घ्या. नियम जागोजागी वेगळे असतात, आणि इथे अंदाज चालत नाही.

उत्तर आजच पाठवायची गरज नाही. सोळा महिने ती सिस्टीम तुमच्यावाचून चालली आहे, अजून आठ दिवस चालेल. त्या आठ दिवसांत वरच्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहा, नवऱ्याशी बोला. मग पाठवायला मजकूर सुचत नसेल तर हा घ्या, हवा तसा बदलून:

'तुझा मेसेज वाचून आनंद झाला. सहा महिन्यांचं काम आणि रात्रीचा सपोर्ट मला जमणार नाही. जुन्या सिस्टीमची पूर्ण माहिती लिहून देणं आणि तुमच्या दोन जणांना शिकवणं, एवढं मी सहा आठवड्यांत, आठवड्याला तीन सकाळी देऊन करू शकते. सोबत दर आणि अटी पाठवते आहे. त्यानंतर मी उपलब्ध नसेन, म्हणून शिकणारी माणसं आधीच नक्की करा. जमत असेल तर कळव. नसेल तरी आपण भेटू या.'

त्यांनी हे मानलं नाही तर त्या सहकाऱ्याला नुसतं भेटायला बोलवा, बुधवारी सकाळी अकराला, त्याला रजा घ्यायला लावून. आणि काय झालं ते मला नक्की लिहा.